न तपासलेला बाण

अकरावी नळी काशिफने उजेडासमोर धरली आणि हळूच हलवली. तळाशी रक्ताचे बारीक दाणे जमून आले होते. त्याने नळी स्टँडमध्ये परत ठेवली आणि हातमोजे काढले.

"हीपण नाही. बाजी, बी ग्रुपच्या सगळ्या पिशव्या लावून झाल्या. आता ओ च्याही संपल्या."

सुमैरा प्रयोगशाळेच्या दारातच थांबली होती. राहात्याच्या रुग्णालयातल्या या रक्तपेढीत ती पाच वर्षं नोकरीला होती, पण तिचं काम वरच्या मजल्यावरच्या संगणकांच्या खोलीत. खाली ती पगारपत्रकावर सही करायला यायची, नाहीतर कुणाचा प्रिंटर अडकला तर. आज काशिफनेच फोन करून बोलावलं होतं. 'तुमच्या सॉफ्टवेअरला विचारा, दिशाची पिशवी कुठं ठेवलीय,' असं काहीसं तो हसतच म्हणाला होता. आता तो हसत नव्हता.

बाहेर बाकावर दिशा आईच्या मांडीवर डोकं टाकून पडली होती. नऊ वर्षांची मुलगी. थॅलेसेमिया. तिच्या अंगात धड रक्त तयार होत नसे, म्हणून दर तीन आठवड्यांनी मंगळवारी ती आईबरोबर वाकडीहून एसटीने यायची, रक्त चढवून घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. रक्तपेढीकडे अशी चौदा मुलं होती. बाकीच्या तेरा जणांना त्यांच्या गटाचं रक्त चालायचं. दिशाचं शरीर मात्र बहुतेक सगळं परकं रक्त झिडकारायचं. शंभरातल्या दोघांचंच तिला चालायचं, तेही नशीब असेल तर.

"मग इतकी वर्षं काय करत होतास तू?" सुमैराने विचारलं.

"मी? मी कशाला काय करतोय! सकाळी स्क्रीनवर येतं. राखीव, अमुक नंबरची पिशवी, मूल क्रमांक नऊ. मी ती पिशवी काढतो, जुळवून बघतो. कायम जुळते. आज स्क्रीनवर काहीच आलं नाही."

"बाकीच्या मुलांचं?"

काशिफ विचारात पडला. "त्यांचंही नाही आलं या पंधरा-वीस दिवसांत. पण त्यांना फ्रिजमधली कुठलीही चालते ना, त्यामुळे मी दिली. मला वाटलं, नवं सॉफ्टवेअर यायचंय म्हणून तुम्ही काहीतरी बंद केलं असेल."

सुमैरा जिना चढली.

वर तिच्या टेबलामागच्या भिंतीवर तिने स्वतः काढलेला नकाशा लावलेला होता. त्यात त्रेचाळीस चौकटी होत्या. रक्तपेढीचं जुनं सॉफ्टवेअर बारा-तेरा वर्षांत तुकड्यातुकड्यांनी वाढलेलं. रक्तदात्यांची नोंद एकाने लिहिली, साठ्याचा हिशेब दुसऱ्याने, तपासण्यांचे निकाल तिसऱ्याने. नवीन सॉफ्टवेअर बसवायचं तर आधी कुठला भाग कुणावर अवलंबून आहे ते कळायला हवं होतं. दोन महिने ती एकेका भागाच्या मागे लागली होती. हा कुणाला हाक मारतो, याला माहिती कुठून येते, हा बंद पडला तर कोण कोण अडेल. चौकटीपासून चौकटीपर्यंत बाण. ट्रस्टच्या बैठकीत सगळ्यांनी त्या नकाशाचं कौतुक केलं होतं. तिने नियमही सोपा करून सांगितला होता: ज्या चौकटीवाचून दुसऱ्या कुणाचंच अडत नाही, ती मेलेली. ती काढली तर काही बिघडत नाही.

अशा तीन चौकटी निघाल्या. वीस दिवसांपूर्वी, एका बुधवारी, त्या बंद केल्या होत्या.

ती खुर्चीत बसली आणि उलट दिशेने निघाली. काशिफचा स्क्रीन. त्याला माहिती देतो तो राखीव पिशव्यांचा भाग. तो भाग रोज सकाळी एका फोल्डरमध्ये डोकावतो, तिथे फाईल असेल तर वाचतो आणि नसेल तर मुकाट पुढे जातो. तक्रार नाही की लाल अक्षरं नाहीत. शेवटची फाईल वीस दिवसांपूर्वीची होती.

फोल्डरमध्ये ती फाईल कोण टाकतं? नकाशात तिथे साठ्याच्या चौकटीकडून आलेला सरळ, ठसठशीत बाण होता.

तिने साठ्याचा प्रोग्रॅम उघडला. चारशे बारा ओळी. आज तिने त्या पहिलीपासून शेवटपर्यंत वाचल्या. त्या फोल्डरचं नाव कुठेच नव्हतं. साठ्याच्या भागाला तो फोल्डर ठाऊकही नव्हता.

तो बाण तिने काढला तो शनिवार तिला आठवला. पाच वाजून गेले होते. फोल्डरच्या नावात 'साठा' हा शब्द होता, म्हणून ती तसं धरून चालली होती. त्रेचाळीस चौकटी, शंभरावर बाण, आणि न तपासता काढलेला हा एकच. बाजूला साधं प्रश्नचिन्हही केलेलं नव्हतं.

मग फाईल येत कुठून होती? तिने सर्व्हरची जुनी नोंदवही उघडली. रोज आठ वाजून दहा मिनिटांच्या आसपास एक फाईल. रविवारीही, दिवाळीच्या पाडव्यालाही, ईदलाही. नऊ वर्षं. आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी, ती पाठवणाऱ्या संगणकाचं नाव: चहाखोली.

तिने ते नाव दोनदा वाचलं. बंद केलेल्या तीन चौकटींपैकी ती एक होती. रक्तदात्यांना चहा-बिस्किटं देतात त्या खोलीतला कोपऱ्यातला पिवळा पडलेला संगणक. त्याच्याकडे एकही बाण येत नव्हता, त्याच्यापासून एकही निघत नव्हता. तिने स्वतः उभं राहून तो उचलायला लावला होता. आणि त्या खोलीत आता संगणकही नाही, तर चहाचं काम बाहेर ठेक्याने देऊ, असं व्यवस्थापकांनी त्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. तिथली बाई, बनुबाई, धुलाई विभागात गेली.

सुमैरा उठून खाली धावली.

धुलाई विभाग रुग्णालयाच्या मागच्या अंगाला. बनुबाई एकटीच चादरींच्या घड्या घालत होती. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, पदर खोचलेला. सुमैराला बघून तिने चादर तशीच हातात धरून ठेवली.

"या म्याडम. आज दिशीचा मंगळवार. चढलं का रक्त पोरीला?"

सुमैराने तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. कॅलेंडर कुठे दिसत नव्हतं.

"मावशी, तिची पिशवी नाही."

"न्हाई म्हंजी? अजिनाथनं दिली न्हाई?"

"अजिनाथ कोण?"

बनुबाई तिच्याकडे बघतच राहिली. रागाने नव्हे. समजत नसल्यासारखी.

"तुमच्या मशीनला ठावं न्हाई?"

सुमैराने नाही म्हणून मान हलवली.

"आन् गनीभाई? परवेझ? त्ये तरी हायेत ना त्यात?" बनुबाईने चादर खाली ठेवली. "अवो, तुमीच म्हनला हुता ना. मशीन नेलं तवा मी जिन्यात इचारलं तुमाला, म्याडम, आता पोरांचे नंबर कुटं घालू? तर तुमी म्हनला, मावशी, आता समदं आपोआप हुतं. मी म्हनलं बरं झालं बया. माज्या माघारी कोन करंल ह्येचाच घोर हुता."

ते घडलं होतं. सुमैराला जिना आठवला, ओल्या हातांनी उभी असलेली बाई आठवली, आणि स्वतःचं बोलणंही आठवलं. फोन कानाला लावलेला होता. 'पोरांचे नंबर' म्हणजे कुठले, हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

खिळ्याला अडकवलेल्या पिशवीतून बनुबाईने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही काढली. पहिल्या पानांवरचं अक्षर गहिनीनाथ सरांचं होतं. रक्तपेढीचे जुने तंत्रज्ञ. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले, तेव्हा सुमैराची नोकरी नवीन होती. पुढच्या पानांवरचं अक्षर बनुबाईचं, मोठं आणि तिरकं. चौदा मुलांची चौदा पानं. दिशाच्या पानावर पाच नावं.

"गहिनीनाथ सायेबांनी दोन वर्सं हुडकून ह्ये पाच जन काढले," बनुबाईने हाताची बोटं पसरली. "एकदा रक्त दिलं की मानसाला तीन म्हैने थांबावं लागतं. पोरीला लागतं तीन आठवड्याला. मंग पाच जन पायजेत. ह्येनं दिलं की त्यो, त्येनं दिलं की ह्यो. ह्या बोटावरनं फिरून परत अंगठ्यावर येईस्तवर पयल्याचे तीन म्हैने हून जात्यात. चार दिस आदी मी फोन करायची. मानूस आला की च्या पाजायची, पिशवीचा नंबर बगायची आन् मशीनीत घालायची. सायेब म्हनायचे, बनुबाई, तू आजारी पडलीस तर मशीन अडाया नगं, म्हनून त्यात सोय केलीया. पर मी कवा पडलेच न्हाई."

नव्वद भागिले एकवीस. सुमैराने मनातल्या मनात भागून पाहिलं. चार पूर्णांक काही. पाच माणसं लागतात. हिशेब बिनचूक होता. संगणक फक्त आकडे पुढे ढकलत होता. मुलगी कुणावर अवलंबून आहे, ते सगळं या वहीत आणि या बाईच्या बोटांवर होतं. नकाशात तिची चौकटच नव्हती.

"चला मावशी, लवकर," ती म्हणाली.

खाली रक्तपेढीच्या प्रमुख डॉ. सदाफळ मॅडमच्या खोलीत फोन मोठ्या आवाजावर ठेवून बनुबाईने अजिनाथचा नंबर लावला. त्याचं शिर्डीत हार-फुलांचं दुकान. पाठीमागे गिऱ्हाइकांचा गलका ऐकू येत होता.

"अजिनाथ, मी बनूमावशी बोलतीया."

पलीकडचा गलका दूर गेला. तो दुकानाबाहेर आला असावा.

"मावशी? अगं, हैस कुटं तू? शुक्रवारी फोन यायचा तर आला न्हाई. शनवारी न्हाई. मला वाटलं..." तो थांबला. "मला वाटलं पोरगी ग्येली."

डॉक्टरांनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिलं.

"इचारायचा धीर झाला न्हाई मला. म्हनलं, आता फोन करून काय ऐकायचं. मंग रयवारी हितं शिबिर हुतं, नगरच्या रक्तपेढीचं. तिथं देऊन आलो. म्हनलं, आता कुनासाठी राखून ठिवायचं. मावशी, पोरगी हाय ना?"

"हाय रं बाबा. हितं भाईर बसलीया."

"आई शप्पत," अजिनाथ म्हणाला.

सुमैरा खुर्चीवरून उठली होती. "शिबिरात कार्ड देतात. त्यावर पिशवीचा नंबर असतो. तो मागा. पिशवी नगरला असेल अजून. दोनच दिवस झालेत." रक्ताच्या पिशवीचाही एक माग होता. शिबिर, तिथून गाडी, तपासणी, फ्रिज. एकेक पायरी विचारत जायचं. हे तिला येत होतं.

नंबर मिळाला. डॉक्टरांनी नगरला फोन लावला. तिथल्या माणसाने थांबायला सांगितलं. काशिफ दारात येऊन उभा राहिला. दोन मिनिटं गेली. मग डॉक्टर नुसत्या "हो... हो... किती वाजता?" असं म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

"सकाळी नऊ चाळीसला दिली त्यांनी. बाळंतीण होती, रक्तस्राव थांबत नव्हता. निम्मी चढूनही झाली होती तेव्हा आपण इथं पहिली नळी लावत होतो." त्या चष्मा काढून बसल्या. "ती बाई वाचली. त्यांचं काही चुकलं नाही."

"पुढचा नंबर कुणाचा, मावशी?" सुमैराने विचारलं.

"गनीभाई."

गनीभाईंचं गादीकामाचं दुकान राहात्यातच होतं. पाव तासात ते सायकलवर आले. अठ्ठावन्न वर्षांचे, दाढीत कापूस अडकलेला. आत येतानाच त्यांनी बाही कोपराच्या वर दुमडलेली होती.

"कुठं झोपू?" एवढंच ते म्हणाले.

डॉक्टरांनी वही पाहिली. "गनीभाई, तुम्ही दिल्याला आज चौऱ्याऐंशी दिवस झाले. नव्वद लागतात. बाकीच्या तिघांनी तर तुमच्याही नंतर दिलंय."

"सहा दिवसांचं काय घेऊन बसलात, मॅडम? मी तगडा माणूस आहे."

"बोट द्या."

काशिफने बोटातून थेंब घेतला. यंत्रावर हिमोग्लोबिन बारा पूर्णांक एक आलं. साडेबारा तरी हवं होतं. डॉक्टरांनी आकडा त्यांच्याकडे वळवून दाखवला. गनीभाई त्या आकड्याकडे बघत राहिले.

"उद्या आलो तर?"

"नाही. सोमवारी. त्याआधी तुमच्याकडून घेतलं तर मला दोन पेशंट होतील."

"गनीभाई," बनुबाई मध्ये पडली, "गूळ-शेंगदानं खावा, भाजी खावा. आन् च्या कमी करा जरा. सोमवारी सकाळी सातला या. उपाशी येऊ नगा."

गनीभाईंनी बाही सावकाश खाली केली, बटण लावलं. बाहेर पडताना ते बाकापाशी थांबले. ही मुलगी त्यांनी आजवर पाहिलेली नव्हती. दिशाच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, तिच्या आईला काहीच न सांगता, आणि सायकल घेऊन गेले.

मग डॉक्टर दिशाच्या आईशी बोलल्या. सहा पूर्णांक दोन होतं तिचं हिमोग्लोबिन. सहा दिवस शाळा नाही, पळणं नाही, पायऱ्या नाहीत. जराही दम लागला तर त्याच क्षणी निघायचं, रात्र असो नाहीतर दिवस. काशिफ आणखी दोन रक्तपेढ्यांना फोन करत होता, पण तिच्याजोगं रक्त आयतं ठेवलेलं कुठे असणार नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. दिशाच्या आईने सगळं ऐकून घेतलं. बाई शेतावरच्या मजुरीची. आजचा खाडा तिने मुकादमाला आधीच सांगून ठेवला होता. आता सोमवारचाही सांगावा लागणार होता.

"इतक्या वर्सांत असं कदी झालं न्हाई," ती म्हणाली. "आज काय झालं, म्याडम? कुनाचं चुकलं?"

डॉक्टरांनी सुमैराकडे पाहिलं नाही. काशिफनेही नाही. बनुबाईने वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायला घेतली.

"माझं," सुमैरा म्हणाली.

दिशाच्या आईने तिच्याकडे पाहिलं. आधी चेहऱ्याकडे, मग गळ्यातल्या ओळखपत्राकडे. "तुमी कोन? तुमाला कदी बगितलं न्हाई."

"मी वर बसते. संगणकावर."

"बरं," ती बाई म्हणाली. तिला त्यातून काही बोध झाला नव्हता. मुलीच्या रक्ताशी या वरच्या बाईचा काय संबंध, हे तिला कळण्याचं काही कारणही नव्हतं. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं सुमैराला वाटलं. पण ती दिशाला उठवायला वळलीसुद्धा होती.

"ऊठ गं बाय. एकची गाडी हाय."

दिशा उठून बसली. दोन पावलं चालली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. एरवी परतीच्या वेळी ती पुढे आणि आई मागे असायची, असं बनुबाई हळूच सुमैराला म्हणाली. रक्त चढलं की पोरगी फाटकापर्यंत पळत सुटायची, तिला आवरावं लागायचं. आईने खाली वाकून तिला उचललं. नऊ वर्षांची मुलगी, लांब पाय आईच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते.

"द्या हिकडं, पिशवी मी घेती," बनुबाई म्हणाली आणि डब्याची पिशवी घेऊन तिच्या बाजूने चालू लागली. धुलाई विभागातल्या चादरी तशाच पडल्या होत्या. तिला कुणी जा म्हणालं नव्हतं, थांब असंही कुणी म्हणालं नाही.

सुमैराही मागोमाग निघाली. एसटी स्टँड पाच मिनिटांवर. ऊन टळटळीत होतं. फाटकाबाहेर येईतो दिशाच्या पायातली एक चप्पल गळून पडली, पुढे रसवंतीपाशी दुसरी. आईच्या लक्षात आलं नाही. सुमैराने दोन्ही उचलल्या.

गाडी लागलेलीच होती. कंडक्टर दारात उभा होता. "काय ओ मावशी, एवढी घोडी कडेवर? चालीव की तिला," तो म्हणाला आणि दिशाचा चेहरा जवळून दिसताच गप्प झाला. त्याने स्वतःच पुढची सीट रिकामी करून दिली.

बनुबाई आईला बजावत होती. सोमवारी पयली गाडी पकडा, मी सातपासून हितंच आसनार. सुमैरा गाडीत चढली. सीटपुढच्या अरुंद जागेत ती खाली बसली, तिने दिशाचा एक पाय हातात घेतला आणि त्यात चप्पल सरकवली, मग दुसऱ्यात. दिशा डोळे मिटून होती. गाडीचा पत्रा हात लावू देत नव्हता इतका तापला होता, आणि ते दोन्ही पाय गार होते.